शिल्लक ठेवून निघावं: ट्रेलर घेऊन अमेरिकेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत

१८४६ च्या उन्हाळ्यात इलिनॉयहून कॅलिफोर्नियाकडे निघालेल्या एका तांड्याने आजच्या वायोमिंगमधल्या फोर्ट ब्रिजर ठाण्यावर नेहमीची वाट सोडली. लॅन्सफर्ड हेस्टिंग्जने आपल्या पुस्तकात एक जवळची वाट सुचवली होती. ते लिहिलं तेव्हा तो स्वतः त्या वाटेने गाडी घेऊन गेलेला नव्हता. वासाच पर्वतात या लोकांना झाडं तोडून रस्ता करावा लागला. पुढे मिठाच्या वाळवंटात तहानेने बैल गेले आणि काही गाड्या तिथेच टाकून द्याव्या लागल्या. सिएरा नेवाडाच्या शेवटच्या घाटाखाली ते पोचले तेव्हा ऑक्टोबर संपत आला होता आणि बर्फाने वाट बंद केली होती. हाच तो डॉनर तांडा. त्यातल्या ८७ जणांपैकी निम्म्याहून थोडेच अधिक लोक जिवंत राहिले.

आज इंटरस्टेट ८० हा महामार्ग वासाच पर्वत, मिठाचं वाळवंट आणि डॉनर घाट या तिन्ही ठिकाणांवरून जातो. न्यूजर्सीतल्या टीनेकपासून सॅन फ्रान्सिस्कोपर्यंत त्याची लांबी सुमारे २,९०० मैल, म्हणजे ४,६७० किलोमीटर आहे. त्याचा शेवटचा तुकडा १९८६ साली सॉल्ट लेक सिटीजवळ पूर्ण झाला. रस्त्याच्या एका टोकाला न्यूजर्सी आणि दुसऱ्या टोकाला बे एरिया, आणि दोन्हीकडे मराठी माणसांची मोठी वस्ती. उत्तर अमेरिकेतल्या मराठी मंडळांच्या संस्थेचं, म्हणजे बृहन्महाराष्ट्र मंडळाचं, २०२४ चं अधिवेशन बे एरियातल्या सॅन होजेला झालं. न्यूजर्सीतल्या एडिसनमधल्या एखाद्या कुटुंबाने विमानाऐवजी मागे ट्रेलर जोडून तिकडे जायचं ठरवलं, तर सरळ रस्ता हाच.

आता या रस्त्यावर कोणी उपाशी मरत नाही. पण ट्रेलरचे प्रवास ज्या कारणांनी फसतात ती फारशी बदललेली नाहीत. वाहनाला पेलणार नाही इतकं वजन, चुकीचा हंगाम आणि पारखून न घेतलेली जवळची वाट. तिन्हींच्या मुळाशी एकच गोष्ट आहे, हाताशी काहीच शिल्लक नसणं. म्हणून लांबच्या प्रवासाची आखणी म्हणजे प्रत्येक दिवस आणि प्रत्येक कप्पा भरून टाकणं नव्हे. वजनात, अंतरात, टाकीत आणि तारखांत किती मोकळं ठेवायचं, हे आधी ठरवणं म्हणजे आखणी.

किती वजन पेलेल?

ट्रॅव्हल ट्रेलर म्हणजे पिकअप ट्रक किंवा मोठ्या एसयूव्हीच्या मागे हिचच्या गोळ्यावर जोडायचं चाकांवरचं घर. विक्रेता बहुधा एकच आकडा सांगतो, ट्रक किती ओढू शकतो. हा आकडा खरा असतो, पण अपुरा असतो. ओढण्याची ताकद संपण्याच्या कितीतरी आधी ट्रकची वाहून नेण्याची मर्यादा संपते. या मर्यादेला पेलोड म्हणतात. चालकाचं दार उघडलं की चौकटीवर एक स्टिकर दिसतो आणि माणसं व सामान मिळून किती वजन चालेल ते त्यावर छापलेलं असतं. तो आकडा त्याच ट्रकचा असतो, त्या मॉडेलच्या सगळ्या ट्रकांचा नव्हे.

एक हिशेब करून पाहू. समजा, ट्रक साडेचार टन ओढू शकतो, स्टिकरवर ७२५ किलो लिहिलंय आणि सामानासह ट्रेलर ३,००० किलोचा आहे. अशा ट्रेलरचं साधारण १० ते १५ टक्के वजन हिचवर यावं लागतं. त्याला टंग वेट म्हणतात. १२ टक्के धरले तर ३६० किलो झाले. हिचचं साहित्य आणखी ४५ किलो. उरले ३२०. त्यात चार माणसांचे २६० किलो गेले की हाती ६० किलो राहतात. कूलर, हत्यारांची पेटी, जनरेटर आणि मुलांच्या सायकली ट्रकमध्ये चढवल्या की तेही संपतात. म्हणजे जो ट्रक कागदावर साडेचार टनांचा ट्रेलर ओढू शकतो, तो तीन टनांच्या ट्रेलरलाच काठावर येतो.

पाणीही विसरता येत नाही. एक लिटर म्हणजे एक किलो. दीडशे लिटरची टाकी भरून निघालं तर दीडशे किलो विनाकारण देशभर फिरतात. पुढचा मुक्काम नळ असलेल्या जागी असेल तर रस्त्यापुरतं, टाकीच्या तिसऱ्या भागाएवढं पाणी पुरतं.

अंदाजावर विसंबू नये, वजन करून घ्यावं. हमरस्त्यांवरच्या ट्रकथांब्यांवर कॅट कंपनीचे वजनकाटे असतात. ट्रकची पुढची चाकं, मागची चाकं आणि ट्रेलरची चाकं वेगवेगळ्या फळ्यांवर उभी राहतात आणि तीन आकड्यांची पावती हातात येते. कॅटचं मुख्य ठिकाण आयोवातल्या वॉलकॉटला, याच महामार्गावर आहे. जगातला सर्वांत मोठा ट्रकथांबा म्हणवला जाणारा आयोवा-८० सुद्धा तिथेच आहे. पण वजन करायला तिथवर थांबू नये. घर सोडण्याआधी, सगळं सामान आणि सगळी माणसं चढवून एकदा काट्यावर जावं. मर्यादेच्या ८० ते ८५ टक्क्यांत बसलो तर ठीक. त्यापेक्षा जास्त भरलं तर सामान उतरवावं, नाहीतर छोटा ट्रेलर घ्यावा.

वजन कुठे ठेवायचं?

वजन किती याइतकंच ते कुठे आहे हेही महत्त्वाचं. जड सामान ट्रेलरच्या मागच्या टोकाला गेलं तर हिचवरचा भार हलका होतो. मग बाजूने जाणाऱ्या मोठ्या ट्रकच्या वाऱ्याने किंवा उतारावरच्या वेगाने ट्रेलर डावी-उजवीकडे डोलू लागतो, आणि ते डोलणं वाढतच गेलं तर पुढच्या ट्रकलाही सोबत फिरवतं. म्हणून सुमारे ६० टक्के भार चाकांच्या आसाच्या पुढे ठेवावा. डबे, पिठाची पोती, अवजारं खाली आणि आसाजवळ, तर कपडे आणि अंथरुणं वर. मागच्या बंपरवर सायकलींचा स्टँड लावणं हा मोह टाळलेलाच बरा.

तरीही ट्रेलर डोलायला लागलाच, तर ट्रकचा ब्रेक दाबू नये आणि स्टिअरिंगने दुरुस्ती करू नये. स्टिअरिंग सरळ धरून पाय ॲक्सिलरेटरवरून उचलावा आणि डॅशबोर्डजवळच्या ब्रेक कंट्रोलरने फक्त ट्रेलरचे ब्रेक हळूहळू लावावेत. मागून ओढ बसली की जोडी सरळ होते. हा कंट्रोलर हाताला कुठे सापडतो, याची सवय रिकाम्या मैदानात करून घ्यावी. वजन वाटून देणारी आणि डोलणं आवरणारी हिच हा या प्रवासातला खरोखर उपयोगी खर्च आहे.

टायरांचंही तसंच. ट्रेलरचे टायर वेगळ्या जातीचे असतात आणि त्यांतल्या अनेकांची वेगमर्यादा ताशी ६५ मैल, म्हणजे १०५ किलोमीटर असते. नेब्रास्काच्या सरळ रस्त्यावर बाकीचे ७५ मैलांनी जात असले तरी आपण ६० ते ६५ मैलांतच राहावं. कॅलिफोर्नियात तर ट्रेलर ओढणाऱ्याला कायद्यानेच ५५ मैलांची मर्यादा आहे. ट्रेलर वर्षभर उभा असतो, त्यामुळे टायर झिजण्याआधी म्हातारे होतात. नक्षी शाबूत दिसली तरी पाच-सहा वर्षं झाली की ते बदलावेत.

दिवसाला किती अंतर?

कारने हा देश ओलांडणारे दिवसाला सातशे मैलही गाठतात. ट्रेलरवाल्यांत रुळलेला नियम वेगळा आहे, तीन-तीन-तीन. दिवसाला तीनशे मैलांपेक्षा जास्त नाही, दुपारी तीनच्या आत मुक्कामाला आणि एका जागी तीन दिवस. थोडे अधिक सबुरीचे लोक तीनच्या जागी दोन घालतात.

दुपारी तीनचा आग्रह कशासाठी, हे पहिल्या मुक्कामालाच कळतं. ट्रेलर मागे घेऊन जागेत लावायचा, चाकांना अटकण लावायचं, तो समपातळीत आणायचा, मग वीज, पाणी आणि सांडपाण्याची नळी जोडायची. उजेडात याला अर्धा-पाऊण तास लागतो. अंधारात दुप्पट वेळ जातो आणि माणसं एकमेकांवर चिडतात. लांब टप्प्याच्या दिवशी पुल-थ्रू जागा मागावी. तिथे एका बाजूने आत शिरून दुसऱ्या बाजूने बाहेर पडता येतं, आणि रात्रीपुरता ट्रकपासून ट्रेलर सोडवायचीही गरज पडत नाही.

आता तारखा मांडू. दिवसाला २५० मैल धरले तर २,९०० मैलांना बारा दिवस चालवणं आलं. दर तीन दिवसांनी एक विसावा धरला तर झाले सोळा. वायोमिंगमधल्या रॉलिन्सहून वर वळून यलोस्टोन पाहायचं असेल तर आणखी पाच-सहा. त्यावर दोन दिवस कोणत्याच कामाला न लावलेले. एकूण चोवीस. ज्यांच्याकडे सुट्टीचे दोनच आठवडे आहेत त्यांनी यलोस्टोन वगळावं, किंवा निम्माच देश पाहावा. चोवीस दिवसांचा प्रवास चौदात बसवायला गेलं तर विसाव्याचे आणि राखीव दिवसच आधी कापले जातात.

इंधनाचा हिशेब सोपा आहे. एरवी गॅलनला २० मैल जाणारा ट्रक ट्रेलर जोडल्यावर १० च्या आसपास येतो. वळणं आणि स्थानिक फेऱ्या धरून ३,६०० मैल झाले तर ३६० गॅलन, म्हणजे सुमारे १,३६० लिटर. शिवाय पश्चिमेकडे जाताना वारा बहुधा समोरून असतो, म्हणून त्यावर दहा टक्के वाढवावेत. वायोमिंग आणि नेवाडात गावं दूरदूर आहेत. तिथे टाकी निम्मी झाली की पंप शोधावा.

हंगाम आणि वारा

जुन्या तांड्यांचं वेळापत्रक गवतावर ठरायचं. वसंतात बैलांना चारा उगवला की मिझुरीहून निघायचं आणि सिएरात बर्फ पडायच्या आत पार व्हायचं. वायोमिंगमधल्या इंडिपेंडन्स रॉकपाशी ४ जुलैच्या सुमारास पोचलं पाहिजे, असा त्यांचा आडाखा होता. आपल्याला गवत लागत नाही, पण दोन्ही टोकांचं हवामान तेच आहे. मे-जूनमध्ये नेब्रास्का आणि आयोवात टोर्नेडोंचा जोर असतो. नोव्हेंबरपासून डॉनर घाटात बर्फामुळे रस्ता बंद होणं किंवा चाकांना साखळ्या लावाव्या लागणं नित्याचं आहे. मेअखेरचा मेमोरियल डे ते सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारचा लेबर डे, या काळात शाळांच्या सुट्ट्यांमुळे कॅम्पग्राउंड भरलेली असतात. शाळेची अडचण नसेल तर लेबर डेनंतरचे तीन-चार आठवडे सर्वांत चांगले. गर्दी ओसरलेली असते, हवा स्थिर असते. फक्त डोंगराळ वायोमिंगमध्ये रात्री पाणी गोठू शकतं, म्हणून झोपण्याआधी नळी काढून रिकामी करून ठेवावी.

वाऱ्याचा विचार स्वतंत्रपणे करावा लागतो. लॅरमी ते रॉलिन्स हा टप्पा अमेरिकेतल्या सर्वांत वाऱ्याच्या महामार्गांपैकी एक आहे. तिथे उंच आणि हलक्या वाहनांना रस्ता बंद केल्याचे फलक लागतात, आणि ट्रॅव्हल ट्रेलर नेमका त्याच वर्गात मोडतो. वायोमिंगचं वाहतूक खातं रस्त्यांची स्थिती सतत जाहीर करतं. ती निघण्याआधी सकाळीच पाहावी. वारा पहाटे कमी असतो आणि दुपारी वाढतो, म्हणून हा टप्पा भल्या सकाळी पार करावा. फलक लागला तर लॅरमीतच एक दिवस काढावा. राखीव दोन दिवस अशाच वेळी कामी येतात.

घाट, पूल आणि बोगदे

शायन आणि लॅरमीच्या मधलं शर्मन समिट हे या महामार्गावरचं सर्वांत उंच ठिकाण, ८,६४० फूट म्हणजे २,६३३ मीटर. विरळ हवेत टर्बो नसलेलं इंजिन दर ३०० मीटरला सुमारे तीन टक्के ताकद गमावतं. म्हणजे इथे जवळजवळ पाव ताकद गेलेली असते. चढावर हळू जाण्यात कमीपणा नाही. उजव्या लेनमध्ये राहावं आणि इंजिनाच्या तापमानावर लक्ष ठेवावं.

खरी परीक्षा उतारावर असते. डॉनर घाटाच्या माथ्यावरून सॅक्रामेंटोपर्यंत दीडशेएक किलोमीटरांत रस्ता दोन हजार मीटरहून जास्त खाली येतो. ब्रेकवर पाय ठेवून उतरलं तर ब्रेक तापून निकामी होतात. माथ्यावरच खालचा गिअर टाकावा आणि वेग इंजिनाला धरू द्यावा. ब्रेक मधूनमधून ठामपणे दाबून सोडावा, सतत घासत ठेवू नये.

नकाशावरच्या जवळच्या वाटेचा धोका आजही तितकाच खरा आहे. फोनवरचं नकाशाचं ॲप कारसाठी रस्ता शोधतं. आपल्या मागे साडेतीन मीटर उंचीचं घर आहे, हे त्याला ठाऊक नसतं. न्यूयॉर्कच्या पार्कवेंवरचे जुने पूल इतके ठेंगणे आहेत की तिथे ट्रेलरला बंदी आहे. कनेटिकटच्या मेरिट पार्कवेवरही तेच. बाल्टिमोर बंदराखालच्या बोगद्यांतून ट्रेलरवरचे प्रोपेनचे सिलिंडर न्यायला मनाई आहे. पूर्वी अशी वाहनं फ्रान्सिस स्कॉट की पुलावरून जात. २०२४ च्या मार्चमध्ये तो जहाजाच्या धडकेने कोसळला आणि त्यांना शहराला वळसा घालावा लागू लागला. वायोमिंगमधल्या टीटन पासचा चढ दहा टक्क्यांचा आहे. मोंटानातल्या ग्लेशियर उद्यानात गोइंग-टू-द-सन रस्त्याच्या मधल्या भागात २१ फुटांपेक्षा लांब वाहन नेता येत नाही.

उपाय सोपा आहे. ट्रेलरची उंची एसीच्या टपासकट स्वतः टेपने मोजावी, जोडीची एकूण लांबी मोजावी आणि दोन्ही आकडे चालकासमोर चिकटवावेत. उंची, लांबी आणि प्रोपेन टाकता येईल असं ट्रक-ट्रेलरसाठीचं दिशादर्शक ॲप घ्यावं. तरीही आदल्या रात्री दुसऱ्या दिवसाचा रस्ता स्वतः नकाशावर पाहून घ्यावा.

मुक्काम

१९६२ साली मोंटानातल्या बिलिंग्जमध्ये, सिएटलच्या जागतिक प्रदर्शनाकडे जाणाऱ्या प्रवाशांसाठी यलोस्टोन नदीकाठी एक छावणी उघडली गेली. तिच्यातूनच केओए ही कॅम्पग्राउंडांची साखळी उभी राहिली. अशा खासगी जागांत वीज, पाणी आणि सांडपाणी या तिन्ही सोयी मिळतात. त्याला फुल हुकअप म्हणतात. दुसरा पर्याय राष्ट्रीय उद्यानांचा. जागा सुंदर असतात, सोयी कमी, आणि आरक्षण अनेक ठिकाणी सहा महिने आधी उघडतं. जुनी उद्यानं ट्रेलर लांब होण्याच्या आधी आखलेली आहेत, म्हणून जागेची लांबी पाहूनच ती घ्यावी. यलोस्टोनच्या फिशिंग ब्रिज मुक्कामात ग्रिझली अस्वलांमुळे फक्त कडक भिंतींच्या वाहनांना प्रवेश आहे, तंबूला नाही.

तिसरा पर्याय सरकारी मोकळ्या जमिनींचा. पश्चिमेकडच्या राज्यांत ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंटच्या जमिनीवर बहुतेक ठिकाणी चौदा दिवसांपर्यंत फुकट राहता येतं. नळ नाही, वीज नाही, कचऱ्याची पेटीही नाही. पण आभाळ पूर्ण आपलं असतं.

उद्यानांचे मुक्काम आणि शनिवार-रविवारच्या रात्री आधी आरक्षित कराव्यात. मधले मुक्काम दोन-तीन दिवस आधी ठरवले तरी चालतं. सगळ्याच रात्री बांधून टाकल्या तर लॅरमीतला एक दिवसाचा वारा पुढचे दहा मुक्काम हलवतो.

चाकांवरचं घर चालवताना

ट्रेलरच्या पोटात तीन टाक्या असतात, एक स्वच्छ पाण्याची, एक धुणीभांडी-अंघोळीच्या पाण्याची आणि एक संडासाची. रिकाम्या करताना आधी संडासाची, मग दुसरी, म्हणजे साबणाच्या पाण्याने नळी धुवून निघते. पिण्याच्या पाण्याची नळी वेगळी ठेवावी आणि ती सांडपाण्याच्या साहित्याजवळही येऊ देऊ नये. सोयी नसलेल्या मुक्कामात चौघांनी काटकसर केली तर टाक्या तीन-चार दिवस जातात. दोन दिवसांनी डंप स्टेशन, म्हणजे टाक्या रिकाम्या करायची जागा, गाठायचं असं धरून चालावं.

वीज बहुधा ३० अँपिअरची असते. एसी, मायक्रोवेव्ह आणि गिझर एकाच वेळी चालवले की सर्किट पडतं. खांबावरची जोडणी सदोष असू शकते, म्हणून मध्ये सर्ज प्रोटेक्टर लावावा.

मराठी स्वयंपाकाला एक गोष्ट हमखास लागते, प्रेशर कुकर. लॅरमीच्या उंचीवर पाणी सुमारे ९३ अंशांनाच उकळतं. उघड्या पातेल्यात तूरडाळ तास-तास शिजत नाही आणि तोवर गॅस जळत राहतो. छोटा कुकर वजनाची भरपाई गॅसमध्ये करतो. एडिसन सोडल्यावर मोठ्या शहरांखेरीज भारतीय किराणा सहज मिळत नाही, म्हणून डाळी, मसाले आणि पोह्यांचा साठा आधी घ्यावा, तांदूळ-भाज्या वाटेत.

निघण्याआधी

पहिला मुक्काम हजार मैलांवर करू नये. घरापासून तासाभराच्या अंतरावर, वीज-पाणी तोडून, एक शनिवार-रविवार राहून पाहावं. हीटर लागतो का, टाक्या किती दिवस जातात, कोणतं सामान एकदाही हाताला लागलं नाही, हे सगळं तिथे कळतं. न लागलेलं सामान घरी ठेवावं. पहिल्या पन्नास मैलांनंतर चाकांचे नट पुन्हा घट्ट करावेत. बेअरिंगचं ग्रीस वर्षातून एकदा बदलावं. ट्रकच्या विम्यातली रस्त्यावरची मदत ट्रेलरला लागू पडते का, हे विचारून घ्यावं, कारण अनेकदा ती पडत नाही.

अशी तयारी केलेल्या कुटुंबाला वाटेत दोन गोष्टी करता येतात. नेब्रास्कात कीर्नीजवळ महामार्गावरच कमानीसारखं उभं असलेलं तांड्यांच्या वाटेचं संग्रहालय निवांत पाहता येतं, आणि वायोमिंगमध्ये वाऱ्याचा फलक दिसला की वाद न घालता थांबता येतं. दोन्हींसाठी लागतो तो मोकळा दिवस आणि मोकळं मन. ठरलेली तारीख गाठण्यासाठी धोका पत्करायची वेळ कुणावर येऊ नये, एवढ्यासाठीच हा सगळा हिशेब.